बालउद्योजक कोण आणि बालमजूर कोण?

मोबाईलवर दिवसातून एकदा तरी असा व्हिडिओ येतोच. शाळेत असतानाच धंदा सुरू केलेल्या एखाद्या मुलाची गोष्ट, मागे जोशाचे संगीत आणि शेवटी उपदेश: पुस्तकी शिक्षणात वेळ घालवू नका, लहानपणापासून कमवायला शिका. हे व्हिडिओ आता आपल्याही ग्रुपवर फिरू लागले आहेत. १४ एप्रिलच्या शुभेच्छांच्या शेजारी "नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा" हा संदेश असतो आणि त्याच्या खाली अकरा वर्षांच्या कोट्यधीशाची कहाणी. नांदेड-लातूरच्या वस्तीतला बाप हे पाहतो आणि विचारात पडतो. पोराला पुढे शिकवून तरी काय होणार? त्यापेक्षा आत्तापासूनच कामाला लावले तर?

या विचाराला इतिहासानेच उत्तर द्यायला हवे. कारण आपल्या पोरांना लहानपणापासून कमवायला कुणी शिकवावे लागलेले नाही. महार, मांग, चांभार, ढोर, भटके-विमुक्त यांची पोरे शतकानुशतके सात-आठ वर्षांच्या वयापासून कमावतच आली आहेत. लवकर कमावल्याने उद्योजक घडत असते, तर कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर हे तालुके आज कारखानदारांचे माहेरघर झाले असते. ते का झाले नाही, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

एकच वय, दोन जग

बालउद्योजकांच्या गोष्टीत सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट अमेरिकेच्या वॉरेन बफेची. लहानपणी त्याने च्युइंगम विकले. आजोबांच्या दुकानातून पंचवीस सेंटला सहा कोका-कोला घेऊन एकेक बाटली पाच सेंटला विकली. १९४२ साली, अकरा वर्षांचा असताना, त्याने पहिले शेअर घेतले. गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना आजोबांचे किराणा दुकान होते, वडील शेअर दलाल होते आणि त्याच वर्षी ते अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले, हे घाईघाईत उरकले जाते. पोराचा माल विकला गेला नसता तरी त्या घरात रात्रीची चूल पेटणारच होती.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या तिलक मेहताचे. २०१८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने शहरातल्या शहरात पार्सल पोहोचवण्याची कंपनी काढली आणि त्यासाठी डबेवाल्यांची मदत घेतली. मुलगा हुशार, कल्पना चांगली, त्यावर वाद नाही. पण वडील मालवाहतुकीच्याच व्यवसायात होते. घरात भांडवल होते, ओळखी होत्या, सल्ला होता, आणि पार्सल घेऊन जिने चढणारे पाय दुसऱ्यांचे होते.

आता १९४२ सालीच निजामाच्या राज्यातल्या नांदेड जिल्ह्यात या. तिथलाही अकरा वर्षांचा पोरगा कमावतोय. पाटलाची गुरे राखतोय. त्याची कमाई म्हणजे वर्षाकाठी ठरलेली थोडी ज्वारी, दोन वेळची शिळी भाकर आणि एखादे जुने धडुते. ती ज्वारी त्याच्या हातात पडत नाही. बापाने घेतलेल्या उचलीत ती वळती होते. एक पोरगा कमावून मालक होतो आणि दुसरा कमावूनही देणेकरीच राहतो. मेहनत कोणाची कमी होती? बफेच्या पेपर टाकण्यापेक्षा उन्हातान्हात ढोरांमागे पळणे सोपे होते काय?

निजामी मराठवाड्यातले कमावते पोर

हे चित्र नीट समजून घेण्यासाठी गावगाडा पाहावा लागतो. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आजचे नांदेड तेव्हाही जिल्हा होते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बिदर जिल्ह्यात. गावात जमीन वरच्या जातींकडे आणि देशमुख-देशपांड्यांकडे, आणि राबणारे हात आपले.

शेतावर सालगडी ठेवला जाई. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरे. लग्न, आजारपण, दुष्काळ अशा कारणाने घेतलेली उचल सालागणिक वाढत जाई. गडी एक धरला जाई, पण राबे सगळे घर. बायको मालकाच्या वाड्यावर शेणकूर करी, पोरगी सरवा वेची, पोरगा गुरे वळी. ठराव बापाशी आणि काम पोरांकडून, असा हा व्यवहार. पोराच्या श्रमाचा वेगळा हिशोब कुठल्याही वहीत नसे.

संस्थानात कर्जापायी माणूस बांधून घेण्याच्या पद्धतीला ‘भगेला’ म्हणत. तेलंगणात तिचा जोर अधिक होता. ती इतकी बोकाळली की खुद्द निजाम सरकारला १९३६ साली भगेला करारांवर नियंत्रण आणणारा कायदा करावा लागला. कायदा झाला, पण तो राबवायचा गावच्या पाटील-पटवाऱ्यांच्या जगात. गडी ठेवणारेही बहुतेक तेच. मग कायद्याने काय साधले असेल, हे वेगळे सांगायला नको.

महारकीचे तेच. वतनदार महाराला चाकरी चुकत नसे. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणाला पकडून नेत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे बिल आणले, ते याच गुलामीवर बोट ठेवण्यासाठी. एका माणसाच्या वतनाखाली सगळे कुटुंब गुलाम होते, आणि कुटुंबात पोरेही आली.

शहरांकडे पाहू. मराठवाडा कापसाचा मुलूख. नांदेडला जिनिंग-प्रेसिंग आणि पुढे उस्मानशाही मिल उभी राहिली. लातूरची बाजारपेठ धान्य आणि डाळीसाठी नावारूपाला आली. आज आपण या शहरांच्या व्यापारी परंपरेचे गोडवे गातो. त्या परंपरेत आपली पोरे कुठे होती? ती कापूस वेचत होती, आणि अडतीसमोर सांडलेले दाणे गोळा करत होती.

ब्रिटिश मुलखातला कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास! १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि १९२२ साली बारा. पण १८८१ चा कायदा शंभराहून कमी कामगार असलेल्या आणि वर्षाला चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. म्हणजे कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिन त्यातून सुटले. शेतमजुरीचा तर प्रश्नच नव्हता. आणि ब्रिटिश मुलखातले कायदे निजामी मुलखात आपोआप लागू होत नव्हते. आपल्या पोराच्या आणि त्याच्या मालकाच्या मध्ये उभा राहणारा कायदा असा नव्हताच.

पोर शाळेत गेले तर ढोरे कोण राखणार?

ही गोष्ट सगळ्यांत आधी नेमकी ओळखली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपल्याला पाठ असते. पण त्याच निवेदनात त्यांनी गरीब शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत, हेही सांगितले होते: घरच्यांना ती गुरे राखायला आणि शेत सांभाळायला लागतात. म्हणून नुसती शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या, असे ते म्हणाले. पोराची बुडालेली मजुरी भरून देण्याचा विचार जोतीरावांनी तेव्हा मांडला होता. जोतीराव स्वतः ठेकेदार होते, व्यवसायात होते. धंद्याचे मोल त्यांना कळत होते. तरीही शेतकऱ्याच्या पोराने लवकर धंद्याला लागावे, असे त्यांनी म्हटले नाही. त्याला आधी शाळेत बसवा, असे म्हटले.

याच्या उलट बाजूला कोण होते? १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोध करणाऱ्यांत सरकार होते, तसेच जमीनदारही होते. पोरे शाळेत गेली तर शेतावर राबायला कोण, ही भीती त्या काळी उघडपणे बोलली जात होती. ही भीती ध्यानात ठेवा. बालमजुरीचे समर्थन करणारा कधीही ‘मला स्वस्त मजूर हवा’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, पोरांना कामाची सवय लागली पाहिजे. आज भाषा बदलली, शब्द नवा आला: उद्योजकता.

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मराठवाड्याच्या वाट्याला असा राजा आला नाही.

बाबासाहेब आणि अर्धा आणा

आता एका बालपणाची गोष्ट. साताऱ्यात राहणारा भीमराव नावाचा मुलगा. आई नाही, घरात ओढाताण, बापाच्या जिवावर जगायचे नाही असे त्याच्या मनाने घेतलेले. साताऱ्याची पोरे मुंबईला जाऊन गिरणीत कांड्या भरायच्या कामाला लागतात, असे त्याच्या कानावर आले. आपणही जायचे त्याने ठरवले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी रात्री हळूच काढायचा बेत केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत निघाला फक्त अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने लाज वाटली, विचार पालटला. मुंबईची गिरणी सुटली आणि मुलगा अभ्यासाला लागला. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली आहे.

थोडे थांबून विचार करा. पिशवीत दोन-तीन रुपये निघाले असते तर? भीमराव रामजी आंबेडकर लहान वयात कमावता झाला असता. आजच्या प्रेरणादायी वक्त्यांनी त्याचे कौतुक केले असते. आणि आपण आज कुठे असतो? ज्या घरांतल्या पिशवीत नेमके भाड्यापुरते पैसे निघाले, त्या घरांतली किती पोरे अशी गिरणीत, वीटभट्टीवर, उसाच्या फडात गडप झाली, याचा हिशोब कुणी ठेवला आहे?

बाबासाहेब पुढे आमदार झाले आणि त्यांनी हा हिशोब मांडला. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणावरच्या खर्चाच्या चर्चेत त्यांनी विधिमंडळाला दाखवून दिले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. आठवडाभरात, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. पाण्याचा हक्क आणि शाळेत टिकण्याचा हक्क त्यांनी एकाच महिन्यात मागितला होता.

बाबासाहेबांना व्यवसायाचे वावडे नव्हते. अमेरिका-इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यवहारांवर सल्ला देणारी कचेरी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके यायची थांबली आणि ती बंद करावी लागली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत झाली. मग गावच्या बाजारात दुकान मांडू पाहणाऱ्याची काय कथा? अस्पृश्याच्या हातचे तेल, दूध, चहा घेणार कोण? नुसत्या हुशारीने धंदा होत नाही, गिऱ्हाईक लागते, आणि गिऱ्हाइकाला जात असते.

‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हीच गोष्ट सिद्धांताच्या पातळीवर मांडली. जातिव्यवस्थेत माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून ठरत नाही, आई-बापाच्या सामाजिक दर्जावरून जन्माआधीच ठरते, असा त्यांचा आक्षेप होता. घरचा धंदा पोराने लहानपणीच उचलणे हे व्यापाऱ्याच्या घरात भांडवल असते. आपल्या घरात तो बेडीचा पुढचा दुवा ठरतो. मेलेले ढोर ओढणे हाही ‘कौटुंबिक व्यवसाय’च होता.

चौदा वर्षांची रेघ

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत शिक्षणाच्या अनुच्छेदावर चर्चा चालू होती. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असा मसुदा होता. ही तरतूद फक्त प्राथमिक शिक्षणापुरती करावी, अशी दुरुस्ती एका सदस्याने सुचवली.

बाबासाहेबांनी ती नाकारली. कारण काय दिले? मसुद्यातच दुसऱ्या एका अनुच्छेदात चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला बंदी घातली आहे. मूल कामावर जाणार नसेल, तर त्या वयापर्यंत ते शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे. म्हणून चौदा हा आकडा.

आजचे अनुच्छेद २४ आणि ४५ असे जोडीने जन्मले. एक अनुच्छेद पोराला मालकाच्या हातून सोडवतो, दुसरा त्याला मास्तरांच्या हाती देतो. त्यांच्या जोडीला वेठबिगारीवर बंदी घालणारा अनुच्छेद २३ आहे. जोतीरावांनी १८८२ साली जे मागितले, त्याला छासष्ट वर्षांनी संविधानाच्या मसुद्यात जागा मिळाली. निजामी राज्यातून नुकत्याच सुटलेल्या नांदेड-लातूरच्या पोरांसाठी ही रेघ म्हणजे दुसरी मुक्ती होती.

ती रेघ पुसट राहिली, हेही खरे. अनुच्छेद ४५ ने दहा वर्षांची मुदत घातली होती. शिक्षणाचा मूलभूत हक्क यायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. अनुच्छेद २४ ची थेट बंदीही कारखाना, खाण आणि धोक्याची कामे एवढ्यापुरतीच. चहाची टपरी, शेत आणि घर त्या शब्दांबाहेर राहिले. २०११ च्या जनगणनेत देशात पाच ते चौदा वयाची सुमारे १ कोटी १ लाख मुले काम करताना नोंदली गेली. यातल्या एकाही मुलाला कुणी उद्योजक म्हटले नाही.

लातूरची दोन बालपणे

रेघेच्या अलीकडून पलीकडे जाणे म्हणजे काय, हे पाहायचे तर लातूर जिल्ह्यातल्या दोन माणसांची आत्मकथने आहेत. प्रल्हाद ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. आई-बाप लहानपणीच गेलेले, बहिणीच्या आसऱ्याला राहिलेले, उदगीर भागात मिळेल ते काम करत, उपाशी-तापाशी शिकलेले पोर. ‘लहानपणापासून कमावण्या’चा त्यांच्याइतका अनुभव कुणाला असेल? पण त्या कमाईतून ते मोठे झाले नाहीत. ते मोठे झाले ती शाळा कशीबशी धरून ठेवल्यामुळे, आणि पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय होते म्हणून.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या पोरांना तिथे वर्गाबरोबर वसतिगृहही मिळाले. वसतिगृहाचे महत्त्व आपण कमी समजतो. पोर गावात राहिले की सुगीला त्याला शेतावर बोलावणे येते. ते नागसेनवनात राहिले की बोलावणे पोहोचत नाही. १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही होती. शिष्यवृत्तीमुळे पोराच्या कमाईवाचून घराचे अडणे थोडे तरी कमी झाले.

दुसरे लक्ष्मण गायकवाड. लातूरजवळच्या धनेगावचे, ज्यांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले त्या उचल्या म्हणवल्या जाणाऱ्या समाजातले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, त्याच वर्षी त्यांचा जन्म. ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या समाजाला जमीन नाही, काम नाही, कुणी उभे करत नाही, तिथे पोरांना लहानपणीच खिसे मारायला आणि पोलिसांचा मार सोसायला शिकवले जाई, हे त्यांनी लिहिले आहे. हेही ‘घरचे कौशल्य’ आणि तीही ‘लवकर सुरू झालेली कमाई’च. बापाने शाळेत घातले म्हणून लक्ष्मण त्यातून सुटले. पुढे लातूरच्या सूतगिरणीत कामगार झाले, कामगारांसाठी लढले, लेखक झाले.

आपली पोरे या रेघेपलीकडे गेली, तेव्हा गावाने ते सुखाने पाहिले का? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ४ ऑगस्टला मारले गेले. भांडण वरवर नावाचे होते. आतला राग मात्र वेगळा होता: कालपर्यंत ढोरांमागे असलेले पोर आज पदवी घेऊन येते आणि बापाला वाड्यावर जाऊ देत नाही. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याआधी दोन महिने नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते. शाळेची वाट आपल्याला इतकी महागात पडली आहे. ती कुणाच्या एका व्हिडिओवरून सोडून द्यायची नसते.

चोबळीचा उद्योजक

"मग आमच्यातून उद्योजक होऊच नयेत का?" हा प्रश्न येणार. जरूर व्हावेत. आणि झालेही आहेत. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री म्हणजे ‘डिक्की’ ही संघटना २००५ साली स्थापन करणारे मिलिंद कांबळे आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे. त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. दलित भांडवलशाहीच्या त्यांच्या मांडणीशी आपले मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण त्यांचा रस्ता पाहा. वडील शिक्षक. मुलगा नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतो आणि मग बांधकाम व्यवसायात उतरतो. आधी शाळा, मग तंत्रनिकेतन, मग धंदा.

त्याच वर्षी पद्मश्री मिळालेल्या कल्पना सरोज अकोला जिल्ह्यातल्या. बाराव्या वर्षी लग्न लावून दिले, सासरी छळ झाला, मग मुंबईत शिवणकामाच्या कारखान्यात दिवसाला दोन रुपये. त्यांची गोष्ट सांगताना हे दोन रुपये फार कौतुकाने सांगितले जातात. जणू त्या दोन रुपयांतूनच पुढची कमानी ट्यूब्ज कंपनी उगवली! बारा वर्षांच्या मुलीचे लग्न हा उद्योजकतेचा पहिला धडा नसतो, तो गुन्हा असतो. त्यांना धंद्यात उभे केले ते मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी कर्जाने आणि त्यांच्या स्वतःच्या जिद्दीने. दोन रुपये रोजाने राबणाऱ्या त्यांच्या शेजारच्या बाकीच्या मुली कुठे गेल्या, हे कुठल्याही व्हिडिओत नाही.

‘घरचे काम’ नावाची पळवाट

आता वर्तमानाकडे. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना सर्व कामांत बंदी केली, ही तिची चांगली बाजू. पण लगेच सूट दिली: शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मूल कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या व्यवसायाला मदत करू शकते. कुटुंबात काका, आत्या, मामा, मावशीही धरले. आधीच्या कायद्यात बंदी असलेले १८ व्यवसाय आणि ६५ प्रक्रिया होत्या. नव्या धोकादायक यादीत तीनच गट उरले: खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ आणि घातक प्रक्रिया.

या देशात ‘कुटुंबाचा व्यवसाय’ याचा अर्थ काय, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले आहे. दुकानदाराचे पोर सुट्टीत गल्ल्यावर बसते, तेव्हा ते हिशोब शिकते, माणसे ओळखते. ऊसतोड कामगाराचे पोर फडात मोळ्या बांधते, तेव्हा कायद्याच्या भाषेत तेही आई-बापाला ‘मदत’च करत असते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, आपल्या मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोटमधून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर आणि मागे सालगड्याच्या घरासारखेच सगळे घर. पोरगी धाकट्याला सांभाळते म्हणून आईचा कोयता चालतो. पोरगा वाढे गोळा करतो. मार्च-एप्रिलमध्ये ती परततात, तोवर शाळेचे वर्ष गेलेले असते. सालगड्याचा ठराव पाडव्याला होत असे, कोयत्याची उचल पावसाळ्यात होते. तारीख बदलली, व्यवहार तोच.

आणि लातूर-नांदेड ही आता शिकवण्यांची शहरे आहेत. महाराष्ट्रभरातून पोरे डॉक्टर व्हायला इथे येतात. क्लासच्या गल्लीतल्या टपरीवर त्यांच्या कपबशा विसळणारा पोरगाही त्यांच्याहून चार वर्षांनीच लहान असतो. दोघेही दिवसाचे बारा तास राबतात. एकाच्या बारा तासांना ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात. दुसऱ्याच्या बारा तासांना नावही नाही.

तीन प्रश्न

यापुढे बालउद्योजकाचा व्हिडिओ आला की तीन प्रश्न विचारा. पहिला: त्या मुलाची कमाई कुणाच्या हातात पडते, त्याच्या की घराच्या देण्यात? दुसरा: उद्या कंटाळा आला तर त्याला काम सोडता येते का? तिसरा: त्याची शाळा चालू आहे का? तिन्ही उत्तरे चांगली असतील तर खुशाल कौतुक करा. मुलाने सुट्टीत पतंग विकावेत, राख्या कराव्यात, मोबाईलवर काहीतरी नवे बनवावे, यात वाईट काहीच नाही. पण एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पोर मजूर आहे. त्याला उद्योजक म्हणणे ही त्याची चेष्टा आहे.

"घरात खायला नाही, पोराने कमावले नाही तर काय?" हा आक्षेप मात्र खरा आहे. तो करणाऱ्या बापाला दोष देता येत नाही. त्याचे उत्तर जोतीरावांनी दिलेलेच आहे: पोराची मजुरी बुडते ती समाजाने भरून द्यावी. शिष्यवृत्ती वेळेवर, वसतिगृह तालुक्याला, आणि बापाला पोट भरेल एवढी मजुरी. २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. या योजनांचे पैसे वेळेवर येतात का, वसतिगृहाला स्वतःची इमारत आहे का, दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातून किती पोरे फडावर गेली, हे विचारायला आपल्यातले किती जण समाजकल्याण कार्यालयात जातात? जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी दोन पोरांचा हंगामभराचा राहण्या-जेवणाचा खर्च उचलणे एका मंडळाला जड नाही. डीजेच्या एका रात्रीच्या बिलात ते बसते.

पोर चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत टिकले, पुढे तंत्रनिकेतन-महाविद्यालयात गेले, तर त्याने खुशाल धंदा करावा, कारखाना काढावा. तेव्हा त्याच्यासाठी भांडवल मागू, बँकेच्या दारात बसू, महात्मा फुले महामंडळाला जाब विचारू. तोवर त्याच्या हातात पुस्तक राहू द्या. आत्याच्या पिशवीत अर्धाच आणा निघाला, हे आपले नशीब होते. पुढच्या भीमरावाची शाळा अशा नशिबावर सोडायची नाही.

जय भीम!